‘स्क्वॅरोसस’ : वनस्पतिवर्णनातील दुर्मीळ शब्दाचा अर्थ आणि स्पेलिंग कसे पडताळावे

वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन वाचताना एखादे अनोळखी विशेषण आडवे आले की त्याच्याविषयी दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : त्याचा अर्थ काय आणि त्याचे बरोबर स्पेलिंग कोणते. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळ्या ठिकाणी मिळतात. अर्थ ठरतो तो शब्द वनस्पतीच्या कोणत्या अवयवाबद्दल आणि कोणत्या वनस्पतिगटात वापरला आहे त्यावरून, तर जातीच्या नावातील स्पेलिंग ठरते ते नाव पहिल्यांदा जिथे छापले गेले त्या मजकुरावरून. व्युत्पत्ती कळली म्हणजे स्पेलिंगही कळले, किंवा स्पेलिंग जुळले म्हणजे अर्थही जुळला, असे मानून चालणाऱ्याची फसगत ठरलेली असते. ही पडताळणी कशी करावी हे दाखवण्यासाठी येथे ‘स्क्वॅरोसस’ हे एकच विशेषण शेवटपर्यंत हाताळले आहे. हा शब्द फारसा भेटत नाही, त्याला चकवणारे शेजारी पुष्कळ आहेत आणि तो फुलझाडे, शेवाळी (मॉस) व भूछत्रे या तिन्ही ठिकाणी वापरला गेला आहे, म्हणून अभ्यासासाठी तो विशेष सोयीचा आहे.

पहिले काम म्हणजे शब्द जसा छापला असेल तसा अक्षर अन् अक्षर उतरवून घेणे. रोमन लिपीत ‘स्क्वॅरोसस’ची अक्षरे अशी आहेत : एस, क्यू, यू, ए, आर, आर, ओ, एस, यू, एस. मधले ‘आर’ दोन आहेत आणि नेमके तेच देवनागरीत उच्चारानुसार लिहिताना हरवते. त्यामुळे शब्द ऐकून किंवा देवनागरीत वाचून शोध घेऊ नये. मूळ पानावरची अक्षरे समोर ठेवूनच घ्यावा. शब्दासोबत आणखी तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात : हे विशेषण कोणत्या नामाला लागले आहे, म्हणजे पानाला, छदाला (फुलाजवळच्या लहान पानाला), शल्काला (खवल्याला) की सबंध जातीला, वनस्पती कोणत्या प्रजातीची (जीनसची, म्हणजे जवळच्या जातींच्या समूहाची) आणि गटाची आहे, आणि शब्द लॅटिन मजकुरात आला आहे की त्याचे इंग्रजी रूप वापरले आहे. इंग्रजी वर्णनांत हाच शब्द शेवटचा लॅटिन प्रत्यय टाकून ‘स्क्वॅरोस’ असा येतो आणि तेव्हा त्याच्या अखेरीस ‘ओ, एस, ई’ ही अक्षरे असतात. या नोंदींना दोन मिनिटे लागतात, पण त्यांच्याशिवाय पुढचा शोध आंधळा होतो.

जुनी पाने वाचताना डोळ्यांना थोडी सवय करून घ्यावी लागते. अठराव्या शतकातील छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘एस’ लांब काढलेला असे आणि तो आजच्या वाचकाला ‘एफ’सारखा दिसतो. वनस्पतींच्या द्विपदी नावांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसच्या १७५३ च्या ‘स्पीशीज प्लँटेरम’ या ग्रंथातही हीच छपाई आहे, त्यामुळे तेथे ‘स्क्वॅरोसा’ पहिल्या नजरेत भलतेच काही तरी वाटते. ‘ए’ व ‘ई’ जोडून एकच अक्षर आणि ‘ओ’ व ‘ई’ जोडून दुसरे अक्षर छापण्याचीही तेव्हा रीत होती, आणि तिरप्या टाइपात ही दोन जोडाक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात. निळ्या रंगाच्या ‘सेरुलियस’ या विशेषणाची दोन स्पेलिंगे सर्रास आढळण्यामागे हा सारखेपणाही आहे. आजच्या नियमानुसार अशी जोडाक्षरे सुटी करून लिहावी लागतात, पण सुटी करण्यापूर्वी मुळात कोणते जोडाक्षर होते हे भिंगाखाली नीट पाहिले पाहिजे.

शब्द उतरवून झाला की त्याचा शेवट सोडवावा. लॅटिन विशेषण नामाच्या लिंग, वचन आणि विभक्तीप्रमाणे रूप बदलते, कोशात मात्र ते एकाच रूपाखाली, म्हणजे पुल्लिंगी एकवचनी प्रथमेखाली दिलेले असते. वाचकाला पानावर ‘स्क्वॅरोसा’ भेटेल, ‘स्क्वॅरोसम’ भेटेल, लॅटिन वर्णनात ‘फोलिइस स्क्वॅरोसिस’ अशी जोडीही भेटेल आणि या शेवटच्या जोडीचा अर्थ ‘स्क्वॅरोस पाने असलेले’ असा होतो, कारण लॅटिन वर्णनांत अवयवांची नावे बहुधा अशाच विभक्तीत मांडलेली असतात. कोशात या तिन्हींसाठी ‘स्क्वॅरोसस’च पाहायचे असते. काही विशेषणांत हा प्रवास सरळ नसतो. ‘एसर रुब्रम’, ‘क्वेर्कस रुब्रा’ आणि ‘सेंट्रँथस रुबर’ या तीन नावांत लाल या अर्थाचे एकच विशेषण आहे, पण त्याचे कोशातले रूप ‘रुबर’ आहे आणि ते ठाऊक नसेल तर ‘रुब्रस’ शोधत बसण्याची वेळ येते. उलट ‘रेपेन्स’सारखी विशेषणे तिन्ही लिंगांत तशीच राहतात : ‘रॅननक्युलस रेपेन्स’, ‘जिप्सोफिला रेपेन्स’, ‘ट्रायफोलियम रेपेन्स’.

शेवट सोडवल्यावर उरलेल्या भागात प्रत्यय ओळखता आला तर फायदा होतो. ‘-ओसस’ हा प्रत्यय एखाद्या गोष्टीची विपुलता किंवा ठळकपणा दाखवतो, ‘-एटस’ ती गोष्ट असल्याचे सांगतो, ‘-एसेन्स’ तसे होत जाण्याची सूचना देतो आणि मध्ये ‘-युल-’ आले की सौम्यता किंवा लहानपणा सूचित होतो. म्हणून ‘स्क्वॅरुलोसस’ म्हणजे किंचित स्क्वॅरोसस, हे कोश न उघडताही कळते. मूळ धातूचा अर्थ मात्र असा तर्काने काढू नये.

आता कोश उघडायचा, आणि खरी सावधगिरी इथूनच लागते. सर्वसाधारण लॅटिन कोशात ‘स्क्वॅरोसस’ पाहिल्यास खपल्या धरलेली, खरबरीत त्वचा असा अर्थ मिळतो. तो प्राचीन लॅटिनसाठी बरोबर आहे. पण तोच अर्थ वनस्पतीला लावला तर वाचक ‘खवलेदार’ असे भाषांतर करून मोकळा होतो आणि वर्णनाचा गाभाच निसटतो. वनस्पतिवर्णनात ‘स्क्वॅरोस’ म्हणजे ज्याची पाने, छदे किंवा शल्के मूळ अक्षाला चिकटून न राहता बाहेरच्या बाजूला पसरलेली किंवा टोकाशी मागे वळलेली आहेत आणि त्यामुळे सगळा भाग खडबडीत, विस्कटलेला दिसतो असे. येथे भर शल्के असण्यावर नाही, त्यांच्या दिशेवर आहे. वनस्पतिशास्त्रीय लॅटिनसाठी वेगळा कोश लागतो तो याच कारणासाठी. विल्यम स्टर्न यांचा १९६६ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला ‘बोटॅनिकल लॅटिन’ हा ग्रंथ या कामाला आजही सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात व्याकरण आणि शब्दसंग्रह दोन्ही वनस्पतिवर्णनाच्या गरजेतून मांडले आहेत. सर्वसाधारण कोश शब्दाचा इतिहास सांगतो. वनस्पतीवर तो शब्द काय काम करतो हे विषयाच्या कोशातूनच कळते.

कोशातील व्याख्या मिळाल्यावर थांबू नये, तिच्या आजूबाजूचे शब्दही वाचावेत. ‘स्क्वॅरोसस’च्या शेजारी ‘स्क्वॅमोसस’ आहे, त्यात दोन ‘आर’च्या जागी एक ‘एम’ आहे आणि तो ‘स्क्वॅमा’ म्हणजे शल्क या शब्दापासून बनला आहे, त्यामुळे त्याचा अर्थ खरोखरच शल्कयुक्त असा होतो. थोडे दूर ‘स्कॅरिओसस’ आहे, त्याची सुरुवात ‘एस, सी, ए’ने होते आणि तो पातळ, कोरड्या, पापुद्र्यासारख्या भागांसाठी वापरतात. पलीकडे ‘स्कॅबर’ आहे, ज्याचा अर्थ स्पर्शाला खरखरीत असा होतो. हे चारही शब्द एकाच वर्णनात येऊ शकतात आणि चारही एकाच अवयवाबद्दल असू शकतात, म्हणून त्यांची गल्लत सहज होते.

ही गल्लत किती महागात पडू शकते हे उत्तर अमेरिकेतील ‘लायट्रिस’ या प्रजातीत फार स्पष्ट दिसते. सूर्यफुलाच्या कुलातील या प्रजातीत ‘लायट्रिस स्क्वॅरोसा’, ‘लायट्रिस स्क्वॅरुलोसा’ आणि ‘लायट्रिस स्कॅरिओसा’ अशा तीन जाती आहेत. घाईत वाचणाऱ्याला ती एकाच नावाची चुकलेली स्पेलिंगे वाटावीत इतकी ही नावे जवळची आहेत, पण त्या खरोखर तीन वेगळ्या वनस्पती आहेत. ‘स्क्वॅरोसा’चे एक स्तबक (लहान फुलांचा गेंद) हातात घेऊन भिंगातून पाहिले तर त्याच्या तळाशी असलेल्या छदमंडलातील, म्हणजे छदांच्या वेढ्यातील, छदे ओळीने एकावर एक बसलेली दिसतात, पण प्रत्येक छदाचे टोक वरच्या छदाला टेकण्याऐवजी बाहेर वळलेले असते आणि बोट वर-खाली फिरवले की ही टोके अडतात. ‘स्कॅरिओसा’ या नावात लक्ष दुसऱ्या गोष्टीकडे वेधलेले आहे : तेथे छदाची कड पातळ, कोरडी आणि पापुद्र्यासारखी असते. एका शब्दाने दिशा सांगितली आहे, दुसऱ्याने पोत. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तर ओळख पटवण्याचे लक्षणच बदलते, म्हणून अशा ठिकाणी स्पेलिंगचा आग्रह धरणे याला मी पंडिती हट्ट मानत नाही.

अर्थ पक्का करण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे तेच विशेषण धारण करणाऱ्या अनेक जाती शेजारी ठेवून त्यांत समान काय आहे ते पाहणे. ‘ग्रिंडेलिया स्क्वॅरोसा’च्या स्तबकाभोवतीची छदे इतकी मागे वळतात की छदमंडल आकड्यांनी भरलेले दिसते. शेवाळ्यांत हाच शब्द पानांना लागतो. ‘ऱ्हायटिडिअडेल्फस स्क्वॅरोसस’ या शेवाळीच्या पानाचा तळ खोडाला बिलगून असतो आणि वरचा निमुळता भाग एकदम बाहेर वळतो. फांदीच्या टोकाकडून पाहिल्यास पानांच्या या ठेवणीमुळे चांदणीसारखी आकृती दिसते. ‘स्फॅग्नम स्क्वॅरोसम’ या दलदलीतील शेवाळीतही फांद्यांवरची पाने मध्यापासून बाहेर वाकलेली असतात आणि त्यामुळे फांदी काटेरी भासते. ‘जुंकस स्क्वॅरोसस’ ही ओसाड, आम्ल मातीत वाढणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती आहे. तिची ताठ पाने तळापासून फाकून आडवी पसरतात.

भूछत्रांत तर हा शब्द आणि त्याचा शेजारी यांची तुलना डोळ्यांसमोर ठेवून करता येते. ‘फोलिओटा स्क्वॅरोसा’च्या छत्रीवर आणि दांड्यावर उभारलेली, टोकाशी वर वळलेली शल्के असतात, तर ‘सेरिओपोरस स्क्वॅमोसस’च्या छत्रीवरील तपकिरी शल्के पृष्ठभागाला चिकटून सपाट बसलेली असतात. दोन्हींना मराठीत ‘खवलेदार’ म्हटले तर दोन्ही वर्णने एकच होतील, आणि लॅटिनने जो भेद एका शब्दात केला तो आपण पुसून टाकू. फुलझाड, शेवाळी आणि भूछत्र यांत अवयव वेगळे, आकार वेगळे, पण बाहेर वळणे ही खूण सगळीकडे तीच राहते. समान खूण हाती लागली की व्याख्या नुसती पाठ राहत नाही, ती ओळखता येते.

या टप्प्यावर एक मर्यादा ध्यानात ठेवावी. जातीच्या नावातील विशेषण त्या वनस्पतीचे वर्णन करील अशी अपेक्षा असते, पण तशी सक्ती नसते. ‘सिला पेरुव्हियाना’ ही वनस्पती पेरूची नाही, तरी केवळ तेवढ्या कारणाने ते नाव टाकून देता येत नाही आणि वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमसंहितेत हे उदाहरण मुद्दाम दिलेले आहे. म्हणून हातातल्या नमुन्यात नावातले लक्षण दिसले नाही तर ओळख चुकली असा निष्कर्ष लगेच काढू नये, आणि शब्दाचा अर्थ नमुन्याला जुळवण्यासाठी ताणूही नये. मूळ वर्णन काढून नाव देणाऱ्याने ते विशेषण कोणत्या अवयवासाठी योजले होते हे पाहावे.

स्पेलिंगचा प्रश्न आता स्वतंत्रपणे हाताळावा. शैवले, कवके आणि वनस्पती यांच्या नामकरणाची एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि ती दर काही वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर सुधारून प्रसिद्ध होते. २०१७ साली शेन्झेनला आणि २०२४ साली माद्रिदला अशा परिषदा झाल्या. बहुतेक वनस्पतींच्या नावांची अधिकृत सुरुवात १ मे १७५३ या तारखेपासून धरली जाते. स्फॅग्नमचा गट सोडून इतर खऱ्या शेवाळ्यांसाठी ती तारीख १ जानेवारी १८०१ आहे, कारण तेथे योहान हेडविग यांचा ग्रंथ आधार मानला आहे. संहितेचा मूळ नियम असा की नाव प्रथम ज्या स्पेलिंगने प्रसिद्ध झाले तेच टिकवावे, आणि छपाईची किंवा लेखनाची उघड चूक असेल तरच, तसेच संहितेने स्वतः सांगितलेल्या बाबतींत, ते सुधारावे. सुधारण्याची मोकळीकही जपून वापरावी, विशेषतः बदल नावाच्या पहिल्या उच्चारखंडात (सिलॅबलमध्ये) आणि त्यातही पहिल्याच अक्षरात होत असेल तर, असे संहिता बजावते.

याचा व्यवहारात अर्थ असा की भाषेच्या दृष्टीने अधिक शुद्ध वाटणारे स्पेलिंग नेहमीच बरोबर नसते. ‘अ‍ॅमरँथस’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. त्या नावामागचा ग्रीक शब्द ‘न कोमेजणारे’ या अर्थाचा आहे, त्यात फूल या अर्थाचा ‘अँथोस’ नाही, म्हणून व्युत्पत्तीप्रमाणे ‘टी’नंतर ‘एच’ यायला नको. तरीही लिनियसने जाणूनबुजून ‘एच’सह लिहिले असल्यामुळे ते तसेच ठेवावे लागते. ‘डेशाम्प्सिया सेस्पिटोसा’ या गवताच्या नावात अनेक जण ‘सी’नंतर ‘ए, ई’ अशी दोन अक्षरे घालतात, कारण जुन्या लॅटिनमध्ये मातीच्या गवताळ ढेपेसाठी असलेला शब्द तसा लिहिला जाई. पण लिनियसने १७५३ साली या गवताला ‘एरा सेस्पिटोसा’ असे नाव दिले तेव्हा नुसता ‘ई’ छापला होता, आणि तो ‘ई’च टिकतो. ‘पायनस सिल्व्हेस्ट्रिस’मधला ‘वाय’ही याच कारणाने ‘आय’ करता येत नाही.

म्हणून पडताळणीचा क्रम असा ठेवावा. फुलझाडे, सूचिपर्णी झाडे आणि नेचे यांच्यासाठी ‘इंटरनॅशनल प्लांट नेम्स इंडेक्स’, शेवाळ्यांसाठी मिसूरी वनस्पती उद्यानाचे ‘ट्रॉपिकोस’ आणि भूछत्रांसाठी ‘इंडेक्स फंगोरम’ या सूचींमध्ये नाव शोधावे. तेथे लेखक, ग्रंथ, पान आणि वर्ष मिळते. ‘एक आर’ आणि ‘दोन आर’ अशी दोन्ही रूपे टाकून पाहावीत, कारण चुकीचे रूप मागाहूनच्या लेखनात कुठे शिरले आहे ते त्यावरून कळते. सूचीत स्पेलिंग सुधारूनही दिलेले असू शकते, म्हणून एवढ्यावर न थांबता मूळ पान उघडावे. ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’मध्ये असे असंख्य जुने ग्रंथ पानांच्या छायाचित्रांसह विनामूल्य वाचता येतात. मूळ पानावर नाव एकापेक्षा अधिक ठिकाणी आले असेल, म्हणजे मजकुरात, अनुक्रमणिकेत आणि चित्राखाली, तर सगळीकडे पाहावे. एका ठिकाणी दोन ‘आर’ आणि दुसऱ्या ठिकाणी एक असेल तर छपाईची चूक कुठली हे तिथल्या तिथेच स्पष्ट होते.

शोधाचे शब्द टाकून किती निकाल मिळतात त्यावरून स्पेलिंग ठरवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. चुकीचे रूप एका यादीतून दुसऱ्या यादीत उतरत गेले की त्याची संख्या मूळ रूपाहून अधिक भरू शकते, पण त्याने त्याला अधिकार येत नाही.

मूळ स्पेलिंग टिकवायचे असले तरी विशेषणाचा शेवट मात्र बदलू शकतो, आणि या दोन गोष्टींत विरोध नाही. विशेषण असलेले जातिनाम प्रजातीच्या लिंगाशी जुळलेच पाहिजे. लिनियसने १७५३ साली ‘सेराट्युला स्क्वॅरोसा’ असे नाव दिले होते. पुढे आंद्रे मिशो यांनी ती जात ‘लायट्रिस’मध्ये नेली तेव्हा दोन्ही प्रजाती स्त्रीलिंगी असल्याने शेवट तसाच राहिला. हेडविग यांच्या १८०१ च्या ग्रंथातील ‘हिप्नम स्क्वॅरोसम’ मात्र ‘ऱ्हायटिडिअडेल्फस’मध्ये गेल्यावर नपुंसकलिंगाचे पुल्लिंग झाले आणि ‘स्क्वॅरोसस’ असे रूप आले. ‘अ‍ॅगॅरिकस स्क्वॅरोसस’ या भूछत्राला पॉल कुमर यांनी १८७१ साली ‘फोलिओटा’त घेतले तेव्हा पुल्लिंगाचे स्त्रीलिंग झाले. लिंग ठरवताना नुसता शेवट पाहून चालत नाही : ‘क्वेर्कस’ आणि ‘पायनस’ यांचा शेवट पुल्लिंगी दिसतो, पण वनस्पतिशास्त्रात त्या स्त्रीलिंगी आहेत, म्हणूनच ‘क्वेर्कस अल्बा’ आणि ‘पायनस नायग्रा’ असे लिहितात. आणि दुसरे पद विशेषण नसून नाम असेल, जसे ‘अ‍ॅडिअँटम कॅपिलस-व्हेनेरिस’मध्ये आहे, तर ते प्रजातीच्या लिंगाप्रमाणे बदलायचे नसते.

लॅटिन वर्णने फक्त जुन्या ग्रंथांत सापडतात असेही नाही. १ जानेवारी १९३५ पासून ३१ डिसेंबर २०११ पर्यंत बहुतेक नव्या वनस्पतींच्या नावांसोबत लॅटिन वर्णन किंवा ‘निदान’ (इतरांपासूनचे वेगळेपण सांगणारे टिपण) देणे सक्तीचे होते; त्यानंतर लॅटिन किंवा इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा चालते. त्यामुळे विसाव्या शतकातील मूळ पानावरही ‘ब्रॅक्टेइस स्क्वॅरोसिस’ असे रूप भेटेल आणि तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे शेवट सोडवूनच कोशाकडे जावे लागेल.

शेवटी हे सगळे मराठीत कसे लिहावे याविषयी. वर्णनाच्या ओघात लॅटिन विशेषणाला एकशब्दी प्रतिशब्द घडवण्याची घाई करू नये. ‘छदांची टोके बाहेर वळलेली’ किंवा ‘पाने तळाशी बिलगलेली, वरचा भाग बाहेर वाकलेला’ असे साध्या शब्दांत अवयवासह लिहिले तर वाचकाला नमुना हातात घेऊन ताडून पाहता येते. जातीचे नाव देवनागरीत लिहायचे असेल तर एकाच लेखात त्याचे एकच रूप ठेवावे, आणि मधली दोन अक्षरे किंवा ‘वाय’सारखे अक्षर उच्चारातून कळत नसेल तर पहिल्या उल्लेखाच्या वेळी रोमन अक्षरे क्रमाने सांगून टाकावीत, म्हणजे वाचकाला सूचीत नेमके नाव टाकता येईल. स्वतःच्या नोंदवहीत त्या नावापुढे मूळ ग्रंथ, वर्ष, पान आणि विशेषण ज्या अवयवाला लागले आहे तो अवयव एवढे लिहून ठेवावे. तोच शब्द पुन्हा दुसऱ्या वनस्पतीच्या नावात आला की ही नोंद शेजारी ठेवून तुलना करता येते.